इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिकच्या चाहत्यांना खुलं पत्र: ट्रॅकमागचं नाव आणि त्याचे पैसे

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

डीजेचा दोन तासांचा सेट, म्हणजे सलग वाजवलेलं संगीत, ऐकून तुम्ही घरी निघता तेव्हा तोंडी एकच नाव असतं, पोस्टरवर सगळ्यात मोठ्या अक्षरांत छापलेलं. पण त्या दोन तासांत साधारण तीस ते चाळीस ट्रॅक वाजून गेलेले असतात. ट्रॅक सहा-सात मिनिटांचा असला तरी त्याची सुरुवात आणि शेवट शेजारच्या ट्रॅकमध्ये मिसळून जातात, आणि प्रत्येकाच्या वाट्याला तीन-चार मिनिटं येतात. प्रत्येक ट्रॅकमागे तो रचणारा प्रोड्यूसर असतो. पुष्कळदा एखादी गायिका असते, कुठे बास गिटारवाला, कुठे पर्कशनवाला, मग मिक्सिंग करणारा, मास्टरिंग करणारा. शंभरेक माणसांच्या कामावर तुम्ही एका रात्रीत नाचता. हे पत्र त्या शंभरांतल्यांकडून आहे: प्रोड्यूसर, सेशनला गाणारे-वाजवणारे, आणि लहान क्लबांत रात्रीचा पहिला सेट घेणारे डीजे.

तुम्ही पैसे खर्च करत नाही अशी आमची तक्रार नाही. तिकिटं, प्रवास, सबस्क्रिप्शन यांवर तुम्ही मन मोकळं करून खर्च करता. आमचं म्हणणं एवढंच आहे की हे पैसे वाटेत जिथे गळतात, तिथे बहुतेक वेळा आधी नाव गळालेलं असतं. कोणाचं काम वाजलं हे कुठे लिहिलंच गेलं नाही, की त्याचा मोबदला भलत्याच्या खात्यात जातो. आणि वाजलेल्या ट्रॅकचं नाव शोधून काढण्यात तुमचा हात धरणारं कोणी नाही. म्हणून हे पत्र सरकारला किंवा कंपन्यांना न लिहिता तुम्हाला लिहितो आहोत.

नाव गळाल्याचं सगळ्यात मोठं उदाहरण तुमच्या कानांत हजारदा वाजलेलं आहे. १९६९ साली 'द विन्स्टन्स' या बँडने एका सिंगलच्या मागच्या बाजूला 'आमेन, ब्रदर' हा वाद्यतुकडा दिला. त्याच्या मध्यावर बाकी सगळे थांबतात आणि ड्रमर ग्रेगरी कोलमन चार बार, म्हणजे सोळा ठोके, एकटा वाजवतो. जेमतेम सात सेकंद. पुढे ध्वनिमुद्रणाचे तुकडे उचलून वाजवणारे सॅम्पलर आले, ते सात सेकंद उचलले गेले, वेग वाढवून, तुकडे करून, उलटसुलट लावून वापरले गेले, आणि 'जंगल' व 'ड्रम अँड बेस' हे डान्स म्युझिकचे प्रकार त्यांच्यावर उभे राहिले. कोलमन २००६ मध्ये विपन्नावस्थेत वारले. त्या सात सेकंदांचे त्यांना काहीही मिळालं नव्हतं. बँडचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांच्याकडे हक्क होते, पण हा वापर त्यांच्या कानावर आला तोवर दावा लावण्याची मुदत निघून गेली होती. २०१५ मध्ये एका डीजेने वर्गणी सुरू केली आणि २४,००० पौंड जमवून स्पेन्सर यांना दिले. ती वर्गणी कोणत्याही लेबलने (ट्रॅक प्रसिद्ध करणाऱ्या कंपनीने) किंवा कायद्याने दिलेली नव्हती. ज्यांनी त्या बीटवर नाचून किंवा ती वापरून वर्षं काढली होती, त्यांनी ती दिली. हे तुमच्या हातून होऊ शकतं याचा यापेक्षा चांगला दाखला आमच्याकडे नाही. फक्त तो ४६ वर्षं उशिरा आला.

गायिकांचं दुखणं थोडं वेगळं. १९८९ मध्ये ब्लॅक बॉक्सच्या 'राइड ऑन टाइम'मध्ये ऐकू येणारा आवाज लोलिएटा हॉलोवे यांच्या १९८० च्या ध्वनिमुद्रणातून उचललेला होता, आणि व्हिडिओत ओठ हलवत होती एक मॉडेल. मार्था वॉश यांच्या बाबतीत तर त्यांनी स्वतः गायलेल्या गाण्यांच्या व्हिडिओत दुसऱ्याच बायका दाखवल्या गेल्या. दोघींनाही न्याय मिळवायला वकील गाठावे लागले. आज उघडपणे असं कमी होतं. पण ट्रॅकच्या नावापुढे 'फीचरिंग' लिहून गायिकेचं नाव द्यायचं की नुसतं 'व्होकल मिक्स' म्हणायचं, हे अजूनही पुष्कळदा लेबलच्या मर्जीवर असतं. त्या एका शब्दाने काय फरक पडतो ते कळायला हक्कांची विभागणी समजून घ्यावी लागेल. थोडी रुक्ष आहे, पण टाळता येणार नाही.

एका ट्रॅकमध्ये दोन वेगळे हक्क असतात. एक रचनेचा, म्हणजे चाल आणि शब्द यांचा. दुसरा ध्वनिमुद्रणाचा, म्हणजे प्रत्यक्ष जी फाइल वाजते तिचा. क्लबात ट्रॅक वाजला की रचनेचा मोबदला बहुतेक देशांत लागू होतो. ध्वनिमुद्रणाचा मात्र देशागणिक बदलतो. ब्रिटनमध्ये पीपीएल ही संस्था तो गोळा करते आणि मुद्रणाच्या मालकाबरोबर त्यात गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनाही वाटा देते. अमेरिकेत क्लब किंवा साध्या रेडिओवर वाजलेल्या ध्वनिमुद्रणाचा मोबदलाच नाही. तिथे इंटरनेट रेडिओसारख्या डिजिटल प्रसारणाचे पैसे साउंडएक्स्चेंज गोळा करते आणि ५० टक्के मालकाला, ४५ टक्के मुख्य कलाकाराला, ५ टक्के इतर गायक-वादकांना असे वाटते. आता बघा: गायिका 'मुख्य कलाकार' म्हणून नोंदवलेली असेल तर ती ४५ टक्क्यांच्या वाट्यात येते. नोंद 'इतर'मध्ये असेल तर सगळ्या साथीदारांसह ५ टक्क्यांत. आणि ओळी तिने स्वतः रचलेल्या असूनही रचनाकारांत तिचं नाव नसेल, तर अमेरिकेतल्या क्लबांत तो ट्रॅक वर्षभर वाजला तरी तिला एक पैसाही येत नाही.

आता क्लबातले पैसे. कोणताही क्लब किंवा फेस्टिव्हल एकेका रचनाकाराची परवानगी घेत बसत नाही. तो हक्कसंस्थेकडून सरसकट परवाना घेतो: ब्रिटनमध्ये पीआरएस, जर्मनीत गेमा, फ्रान्समध्ये सासेम, अमेरिकेत अ‍ॅस्कॅप, बीएमआय वगैरे. संस्थेने ती रक्कम रचनाकारांना वाटायची. ज्या रात्रीची ट्रॅकयादी संस्थेकडे पोचते, त्या रात्रीचे पैसे यादीप्रमाणे वाटता येतात. यादी नसेल तर अंदाज बांधावा लागतो: निवडक क्लबांतल्या नोंदी, रेडिओवर काय वाजलं, काय खपलं. रेडिओवर कधीच न लागलेल्या टेक्नोवर तुम्ही पहाटेपर्यंत नाचलात, तरी त्या रात्रीच्या परवान्यातला वाटा रेडिओवरच्या पॉप गाण्यांकडे वळू शकतो. यात कोणी चोरी केलेली नसते. फक्त कोणी लिहून ठेवलेलं नसतं. या क्षेत्राची आंतरराष्ट्रीय संघटना एएफईएम 'गेट प्लेड, गेट पेड' ही मोहीम नेमकी याचसाठी चालवत आली आहे.

काही क्लबांत डीजेच्या बूथमध्ये ट्रॅक ओळखणारं यंत्र बसवलेलं असतं. ते मिक्सरच्या आउटपुटला थेट जोडलेलं असेल तर बरं काम करतं, नुसता मायक्रोफोन लावला असेल तर गर्दीचा गोंगाटही त्यात जातो. पण जोडणी चांगली असूनही चुका होतात, आणि त्या डीजेच्या कसबामुळेच होतात. १२४ बीपीएमचा (मिनिटाला १२४ ठोक्यांचा) ट्रॅक १३० वर नेला की वेगात जवळजवळ ५ टक्के फरक पडतो. दोन ट्रॅक एकमेकांवर चालू आहेत, वर तिसऱ्याची अकापेला (वाद्यांशिवायचा नुसता आवाज) ठेवली आहे, किंवा डीजेने स्वतः कापून केलेला एडिट वाजतो आहे: अशा वेळी जुळणी चुकते किंवा लागतच नाही. आणि जो ट्रॅक अजून प्रसिद्धच झालेला नाही, तो यंत्राच्या साठ्यात असणार कुठून?

खात्रीचा उपाय डीजेच्या खिशातच असतो. पायोनियरच्या सीडीजे या डीजे-प्लेअरवर यूएसबीवरून वाजवलं, की साधारण मिनिटभर वाजलेला प्रत्येक ट्रॅक त्या यूएसबीवरच्या हिस्टरीत उतरतो. दुसऱ्या दिवशी ती यूएसबी रेकॉर्डबॉक्स या सॉफ्टवेअरमध्ये उघडायची, त्या रात्रीची हिस्टरी निवडायची, टेक्स्ट फाइल म्हणून बाहेर काढायची आणि क्लबकडे किंवा हक्कसंस्थेकडे पाठवायची. सेराटो या दुसऱ्या डीजे-सॉफ्टवेअरमध्ये हिस्टरी पॅनेलमधून हेच करता येतं. दहा मिनिटांचं काम आहे. बिघडतं ते असं: दोघे आळीपाळीने वाजवत असतील तर यादी दोन यूएसबींवर विभागली जाते आणि एकच अर्धी पाठवली जाते. विनाइलची (तबकड्यांची) नोंद हाताने करावी लागते, ती राहून जाते. झटपट मिक्स करणाऱ्यांचे मिनिटाच्या आत काढलेले ट्रॅक यादीत येतच नाहीत. आणि सगळ्यात जास्त वेळा फाइलचे टॅग रिकामे असतात: नावाच्या जागी 'फायनल मास्टर ३', कलाकाराच्या जागी काहीच नाही. अशी यादी पोचूनही तिचा उपयोग शून्य. प्रोमो, म्हणजे प्रकाशनाआधीच्या फाइल, डीजेंना पाठवणाऱ्या आमच्यातल्या लोकांचाही यात दोष आहे. ट्रॅकचं पूर्ण नाव, मिक्सचं नाव, सगळ्या कलाकारांची नावं, लेबल आणि आयएसआरसी (त्या ध्वनिमुद्रणाचा ओळखक्रमांक) हे टॅगमध्ये भरल्याशिवाय फाइल हातातून सोडू नये. आमच्यातले कित्येक अजून सोडतात.

यात तुम्ही काय करायचं? ज्या क्लबात तुम्ही नेहमी जाता तिथल्या आयोजकाला एक साधा प्रश्न विचारायचा: इथल्या सेटच्या याद्या हक्कसंस्थेला जातात का? एकाने विचारलं तर उत्तर मिळणार नाही. वीस नेहमीच्या माणसांनी महिनाभरात विचारलं तर कोणाच्या तरी कामाच्या यादीत ते चढेल. आवडत्या डीजेलाही विचारा, पण त्याचा सेट संपल्यावर, आणि प्रेमाने. तोही दुसऱ्यांच्या क्लबात वाजणाऱ्या स्वतःच्या ट्रॅकचे पैसे याच वाटेने गमावत असतो.

'ट्रॅक आयडी?' हा तुमचा जुना प्रश्न. सेटच्या कुठल्या मिनिटाला काय वाजलं हे तुम्ही कानाने, स्वरपट्टीवरून, एखाद्या व्होकलच्या तुकड्यावरून शोधून काढता, आणि १००१ट्रॅकलिस्ट्ससारख्या संकेतस्थळांवर याद्या उभ्या राहतात. हक्कसंस्थांना जे जमत नाही ते तुम्ही फुकट, हौसेने करता. आमची विनंती एवढीच की ओळख अर्धी ठेवू नका. मूळ ट्रॅक, मिक्सचं नाव, रिमिक्स करणाऱ्याचं नाव आणि गायिकेचं नाव अशी पूर्ण ओळ लिहा. 'एक्स्टेंडेड मिक्स' आणि 'रेडिओ एडिट' यांचे आयएसआरसी वेगळे असतात, आणि रिमिक्सचं ध्वनिमुद्रण तर पूर्ण वेगळं. बरेच रिमिक्स करणारे ठोक रक्कम घेऊन काम करतात आणि पुढच्या विक्रीत त्यांचा वाटा नसतो. त्यांना मिळतं ते नावच, आणि पुढचं काम त्या नावावरच येतं. फोनवरच्या अ‍ॅपने ओळखायचं असेल तर दोन ट्रॅक मिसळत असताना प्रयत्न वाया जातो. आधीच्या ट्रॅकचा बेस पूर्ण निघून गेला की सबवूफरपासून लांब जाऊन फोन वर धरा. अप्रकाशित ट्रॅक असेल तर डीजेला तो लपवू द्या. प्रोड्यूसर आणि लेबल यांनी प्रकाशनाची तारीख आखलेली असते. सेटच्या रेकॉर्डिंगमधून कापलेला तुकडा आधीच फिरला, तर प्रकाशनाच्या दिवशी त्या ट्रॅकचं नवेपण संपलेलं असतं.

स्ट्रीमिंगबद्दल तुम्ही बरंच ऐकलं असेल, म्हणून फक्त डान्स म्युझिकला खास बाधणाऱ्या गोष्टी सांगतो.

पहिली वाटपाची. समजा दोन श्रोते आहेत, दोघांचं सबस्क्रिप्शन सारखंच. एकजण महिन्यात २०० ट्रॅक ऐकते, सगळे एकाच लहान हाउस लेबलचे. दुसऱ्याकडे दिवसभर पार्श्वसंगीत चालू असतं, १,८०० ट्रॅक. रूढ पद्धतीत दोघांचे पैसे एकाच हंड्यात पडतात आणि एकूण २,००० स्ट्रीमवर वाटले जातात. त्या लेबलला हंड्याचा दहावा भाग मिळतो, जरी अर्धा हंडा त्या लेबलच्या चाहतीने भरलेला असला. कमी पण मन लावून ऐकणाऱ्या चाहत्याचे पैसे असे पार्श्वसंगीताकडे जातात. साउंडक्लाउडने २०२१ मध्ये स्वतंत्र कलाकारांसाठी वेगळी पद्धत आणली, जिच्यात प्रत्येक श्रोत्याचे पैसे त्याने ऐकलेल्या कलाकारांतच वाटले जातात. तुम्ही तिथे ऐकत असाल तर हा फरक लक्षात ठेवा.

दुसरी गोष्ट ट्रॅकच्या घडणीची. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं तरच स्ट्रीम धरला जातो, आणि २०२४ पासून मागच्या १२ महिन्यांत १,००० स्ट्रीम न झालेल्या ट्रॅकला ध्वनिमुद्रणाची रॉयल्टी मिळत नाही. आता १२८ बीपीएमचा हाउस ट्रॅक घ्या. डीजेला मिक्स करता यावं म्हणून सुरुवातीला ३२ बार नुसता किक आणि हॅट हे ड्रमचे आवाज ठेवतात. ३२ बार म्हणजे १२८ ठोके, म्हणजे बरोबर एक मिनिट. घरी बसलेला श्रोता चाल सुरू व्हायच्या कितीतरी आधी, ३० सेकंदांच्या आतच, कंटाळून पुढे जातो, आणि तो स्ट्रीम धरला जात नाही. शेवटपर्यंत ऐकलं तरी सात मिनिटांच्या ट्रॅकला एक स्ट्रीम, अडीच मिनिटांच्या गाण्यालाही एकच. म्हणून प्रोड्यूसर दोन आवृत्त्या करतो: डीजेसाठी लांब, स्ट्रीमिंगसाठी छोटी. काम दुप्पट होतं आणि मोजणी दोन ठिकाणी विभागली जाते. दोन्हींचे ६००-६०० स्ट्रीम झाले तर दोन्ही १,००० च्या खाली राहतात आणि १,२०० वेळा ऐकलेल्या कामाचे हातात काहीच येत नाही. कमी ऐकल्या जाणाऱ्या कलाकाराचा लांब मिक्स आवडला तर तो मिनिटभर तरी चालू द्या, आणि आवृत्ती एकच धरून ठेवा. छोटी वाटते ही गोष्ट, पण उंबरठ्याजवळच्या ट्रॅकसाठी पन्नास माणसांनी असं वागणं निर्णायक ठरतं.

स्ट्रीमिंग सोडा असं आम्ही म्हणत नाही. ज्या ट्रॅकशिवाय तुम्हाला करमत नाही, ते विकत घ्या, इतकंच. एका खरेदीतून कलाकाराला शेकडो स्ट्रीमइतकी रक्कम येते. बँडकॅम्प हे संगीत विकणारं संकेतस्थळ डिजिटल विक्रीवर १५ टक्के आणि टीशर्ट, विनाइल यांसारख्या वस्तूंवर १० टक्के ठेवतं. मार्च २०२० पासून ठरावीक शुक्रवारी ते आपला वाटा सोडतं. तुमची खरेदी त्या दिवसापर्यंत थांबू शकत असेल तर थांबवा. कलाकाराचं स्वतःचं पान आणि लेबलचं पान दोन्ही असतील तर कलाकाराच्या पानावरून घ्या. लेबलवरून घेतल्यास लहान डान्स लेबलांत बहुधा खर्च वजा जाता निम्मे-निम्मे असा करार असतो आणि हिशोब सहा महिन्यांनी येतो. विनाइलची आगाऊ मागणी नोंदवणं ही तर फार मोठी मदत आहे. छपाईचे पैसे लेबलला आधी भरावे लागतात, आणि किती प्रती छापायच्या हे तुमच्या नोंदणीवरून ठरतं.

तुमच्यातले जे स्वतः वाजवायला शिकताहेत त्यांना एक वेगळी विनंती. व्हिडिओवरून उतरवलेली फाइल वाजवू नका. तिच्यात १६ किलोहर्ट्झच्या आसपास वरचा भाग बहुधा कापलेला असतो. हेडफोनवर ते चालून जातं, मोठ्या सिस्टिमवर हाय-हॅट बोथट आणि किक पोकळ ऐकू येते. शिवाय अशा फाइलला टॅग नसतात, म्हणजे वर सांगितलेल्या यादीतून ते नाव पुन्हा एकदा गळतं. विकत घेतलेल्या वेव्ह किंवा एआयएफएफ या पूर्ण दर्जाच्या फाइलने दोन्ही प्रश्न सुटतात. वेव्हचे टॅग काही यंत्रांवर नीट वाचले जात नाहीत. तसं होत असेल तर एआयएफएफ घ्या, दर्जा तोच राहतो.

आता प्रत्यक्ष कार्यक्रम. मोठ्या नावाचं मानधन तुम्ही ऐकता आणि वाटतं की या क्षेत्रात पैसाच पैसा आहे. त्या आकड्यातून बुकिंग एजंट साधारण १० ते २० टक्के घेतो, मॅनेजर तितकेच, परदेशात कर आधीच कापला जातो, आणि करारात नसेल तर प्रवासही त्यातूनच. तरीही शिखरावरच्यांचं ठीक चालतं. कोंडी खालच्यांची आहे. रात्री नऊला रिकाम्या फ्लोअरसमोर सुरुवात करणाऱ्या डीजेला पुष्कळदा 'नाव होईल' एवढ्यावर बोलावतात, किंवा आधी ठरावीक तिकिटं विक असं सांगतात. ही उघड अडवणूक आहे आणि ती चालते, कारण नऊ वाजता तुम्ही तिथे नसता. पहिला सेट हा अवघड सेट असतो: आवाज कमी ठेवायचा, मोठे ट्रॅक पुढच्यांसाठी राखायचे, बीपीएम हळूहळू वर न्यायचा आणि लोक थांबतील असं बघायचं. दारावरच्या नोंदीत नऊ ते अकराची गर्दी दिसली, की आयोजकाला त्या डीजेला मानधन द्यायला कारण मिळतं. म्हणून लवकर या.

तिकीट लवकर काढण्याचंही तसंच. लहान आयोजकाला कलाकाराचं साधारण निम्मं मानधन आगाऊ द्यावं लागतं. विमानाची तिकिटं, आवाजाची यंत्रणा, जागेचं भाडं हे सगळं आठवडाभर आधी पक्कं होतं. तुम्ही शेवटच्या दोन दिवसांत तिकीट काढायचं म्हणता आणि दहा दिवस आधी त्याच्या कागदावर विक्री चाळीस टक्के दिसते. तेव्हा कार्यक्रम रद्द होतो, किंवा आधी कात्री लागते ती लाइव्ह वादकांना. डीजेला बूथमध्ये दहा मिनिटं पुरतात. सिंथ, ड्रम मशीन, गायिका आणि पर्कशन घेऊन येणाऱ्या लाइव्ह अ‍ॅक्टला तासभर साउंडचेक, जास्त चॅनेल, मॉनिटर (कलाकाराने स्वतःला ऐकायचे स्पीकर) आणि एक अनुभवी साउंड इंजिनियर लागतो. विक्रीचा भरवसा नसेल तर हा खर्च कोणी करत नाही. फुकट प्रवेशाची यादीही जपून वापरा. दारावरच्या उत्पन्नातून कलाकाराचा वाटा ठरलेला असेल, तर तुमचा फुकट प्रवेश थेट त्याच्या वाट्यातून जातो. मैत्री दाखवायची तर तिकीट काढून या.

एक गोष्ट पैशांची नाही, कानांची आहे. अमेरिकेतल्या एनआयओएसएच या कामगारांच्या आरोग्यासाठीच्या संस्थेच्या मर्यादेनुसार ८५ डेसिबलला आठ तास चालतात आणि प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला ती १५ मिनिटांवर येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांसाठी सुचवलेली मर्यादा १५ मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबलच आहे. आम्ही बूथमध्ये तासन्‌तास असतो, आणि तिथला मॉनिटर मोठा ठेवावा लागतो: मुख्य स्पीकर दहा मीटरवर असतील तर त्यांचा आवाज जवळजवळ ३० मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि त्यावर बीट जुळवता येत नाही. तुम्ही 'आवाज वाढव' म्हणून ओरडता, डीजे मिक्सर लालमध्ये नेतो, आणि लिमिटर (आवाजाला वरची मर्यादा घालणारं यंत्र) तो दाबून टाकतो. किक चपटी होते, आवाज मोठा होत नाही. कर्णकर्कश वाटत असेल तर साउंड इंजिनियरकडे जा, बुथकडे नको. आणि कानात प्लग घाला. पुढची तीस वर्षं तुम्ही ऐकत राहणं हा आमच्याही पोटाचा प्रश्न आहे.

वादकांच्या बाजूनेही एक कबुली द्यायला हवी. १९८२ मध्ये ब्रिटनच्या म्युझिशियन्स युनियनच्या मध्य लंडन शाखेने सिंथेसायझर आणि ड्रम मशीन यांच्यावर बंदी घालावी असा ठराव केला होता. कामं जातील ही भीती खरी होती, रोख चुकला होता. त्याच सुमारास बाजारात आलेल्या आणि खप नसल्याने १९८४ मध्ये गुंडाळलेल्या रोलंडच्या टीबी-३०३ या बास सिंथेसायझरमधून काही वर्षांत शिकागोत अ‍ॅसिड हाउस जन्माला आलं. 'नुसती बटणं दाबतात' हे तुम्हाला वाद्यवादकांकडून अजूनही ऐकावं लागतं, त्याबद्दल आम्हाला वाईट वाटतं. किकखाली आवाज आवळणारा कंप्रेसर किती मिलिसेकंदांनी सोडायचा, हे ठरवणारा कान आणि तबल्याचा ठेका धरणारा कान एकाच जातीचे आहेत. म्हणूनच तुमच्याशी मोकळेपणाने बोलता येतं.

आणि घरी लॅपटॉपवर ट्रॅक बनवणाऱ्या तुमच्यातल्यांसाठी: मैत्रिणीला गायला बोलावलंत किंवा मित्राने गिटार वाजवलं, तर त्याच दिवशी एका कागदावर वाटणी लिहा. ट्रॅकचं नाव, तारीख, प्रत्येकाचं खरं नाव, रचनेतला टक्का, ध्वनिमुद्रणातला टक्का, हक्कसंस्थेकडचा आयपीआय क्रमांक (रचनाकाराचा ओळखक्रमांक) असेल तर तो, आणि सह्या. रचनेची बेरीज १०० व्हायला हवी, ध्वनिमुद्रणाची वेगळी १००. बेरीज १०५ आली, म्हणजे दोघांनी आपापल्या परीने नोंदवलं, तर हक्कसंस्था वाद मिटेपर्यंत पैसे अडवून ठेवू शकते. ट्रॅक गाजल्यावर ही वाटणी ठरवायला बसणं म्हणजे मैत्री पणाला लावणं. सॅम्पल घेतला असेल तर परवानगी दोन ठिकाणांहून लागते, रचनेच्या मालकाकडून आणि मुद्रणाच्या मालकाकडून. एकच मिळाली तर ती पुरत नाही.

पुढच्या कार्यक्रमाआधी आयोजकाला यादीचा तो प्रश्न विचारा. जमल्यास उत्तर काय आलं ते आपल्या मंडळींना सांगा. आणि घरी पोचल्यावर त्या रात्रीतला एक ट्रॅक, ज्याने तुम्हाला डोळे मिटायला लावले तो, पूर्ण नावानिशी शोधून विकत घ्या.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

तुमचे,
पोस्टरवर न छापलेले